पोळ्याआधीची तारीख

"हात अजिबात हलवू नका," डॉक्टर आत म्हणाले. बाहेर बाकावर बसलेल्या उषाने ते ऐकलं आणि पर्स घट्ट धरली.

दाराआड तिच्या नवऱ्याचा, दिलीपचा, उजवा कोपर बधिर करून टेबलावर ठेवला होता. सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत डॉक्टर एक बारीक सुई आत नेत होते. स्नायू जिथे हाडाला धरतो तिथली दुखरी जागा सुईने टोचून जागी करायची, म्हणजे ती आपसूक भरून येते. चिरफाड नाही, टाके नाहीत. अर्ध्या तासात मोकळे.

दिलीपचं पांढुर्ण्याला मोटार वाइंडिंगचं दुकान. संत्र्याच्या बगिच्यांतल्या पंपांच्या जळालेल्या मोटारींना तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता दोन वर्षांपूर्वी कोपर गेला. टेनिस त्याने टीव्हीवरसुद्धा पाहिलं नव्हतं, पण आजाराचं नाव टेनिस एल्बो. सौंसरचा मालिशवाला झाला, पट्टा झाला, दोन इंजेक्शनं झाली. चहाचा कप उचलतानाही त्याचा चेहरा कसनुसा व्हायचा.

तरी उषाला घोर होता तो वेगळाच. पोळा चार दिवसांवर आला होता.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला गोटमार. जाम नदीत पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात, आणि अलीकडून पांढुर्णावाले, पलीकडून सावरगाववाले एकमेकांवर दगड फेकतात. बावीस वर्षं त्या सकाळी दिलीपचा मित्र मंगेश दारात येऊन हाक मारायचा आणि दिलीप छाती काढून निघायचा. बावीस वर्षं उषा संध्याकाळपर्यंत जीव मुठीत धरून बसायची. एकदा डोक्याला सात टाके पडले. मागच्या साली दगड भुवईला लागला, बोटभर खाली लागता तर डोळाच गेला असता. जाऊ नका म्हणायची सोय नव्हती. बायकोने घरी बसवलेल्या माणसाला गल्ली वर्षभर जगू देत नाही.

म्हणून तिने एक चोरी केली. डॉक्टरांनी आषाढातलीच तारीख दिली होती आणि नंतर सहा आठवडे हाताला जोर द्यायचा नाही असं बजावलं होतं. उषाने बोटांवर हिशेब केला. सहा आठवडे पोळ्याआधीच संपत होते. तिने गुपचूप दवाखान्यात फोन लावला आणि पोळ्याच्या आठवड्यातली तारीख मागितली. फोनवरची मुलगी का कोण जाणे हसली, पण तारीख दिली. घरी उषाने सांगितलं की डॉक्टरकडे गर्दी आहे. दिलीप नुसता "बरं" म्हणाला आणि पुढे दीड महिना दुखणं सोसत राहिला. रात्री तो कूस बदलताना कण्हायचा तेव्हा उषाला स्वतःची लाज वाटायची.

"काकू, इथे सही करा," काउंटरवरची तृप्ती म्हणाली. ती तीच फोनवरची मुलगी. कागदावर लिहिलं होतं, सहा आठवडे वजन उचलू नये, हाताला झटका देऊ नये. उषाने ती ओळ दोनदा वाचली.

"मी तेव्हा फोनवर हसले, त्याचा राग नाही ना आला?" तृप्तीने विचारलं. "काय आहे ना, त्याच दिवशी सकाळी काकांचा फोन येऊन गेला होता. पोळ्याच्या आठवड्यातलीच तारीख द्या म्हणाले. आणि वरून, घरी सांगू नका म्हणाले."

उषाने सही केली. अक्षर जरा वाकडं आलं.

हाताला पट्टी आणि गळ्यात झोळी घालून दिलीप बाहेर आला. परतीची बस सावनेरच्या पुढे गेल्यावर त्याने मोठा उसासा टाकला.

"यंदा मंगेश एकटा पडन," तो म्हणाला.

"काय करता मंग," उषा खिडकीबाहेर पाहत म्हणाली. "डॉक्टरपुढे कोणाचं चालते."

बावीस वर्षं या माणसाच्याही पोटात भीती होती, आणि तो ती घेऊन दरवर्षी छाती काढून निघत होता. उषाला हसूही येत होतं आणि त्याच्याबद्दल फार मायाही वाटत होती. आपल्याला कळलंय हे त्याला कधीच सांगायचं नाही, असं तिने ठरवून टाकलं. मग तिने पिशवीतला डबा काढला आणि त्याच्या डाव्या हातात पोळीचा घास दिला.

पांढुर्ण्याच्या स्टँडवर मंगेश गाडी घेऊन उभाच होता. भुवईवरचा त्याचा स्वतःचा जुना व्रण घामाने चमकत होता. दिलीपने चेहरा पाडला.

"डॉक्टरनं हातच बांधून टाकला रे. सहा आठवडे गोटा उचलाचा नाही म्हणते. मले तं लय वाईट वाटून राहिलं."

मंगेश त्या झोळीकडे नुसता पाहत राहिला. आता हा टोमणा मारणार आणि नवरा पट्टी सोडून नदीवर जाणार, असं उषाला वाटलं.

दिलीप पाणी प्यायला नळावर गेला. तसा मंगेश जवळ सरकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "वहिनी, त्या डॉक्टरचा नंबर देता का?"

"तुमचा बी कोपर दुखून राहिला का भाऊजी?"

मंगेशने एकदा नळाकडे पाहून घेतलं.

"अजून नाही," तो म्हणाला. "पण पोळ्यापर्यंत दुखन."