सातवी पास

नववा फोन लावायच्या आधी अल्कानं मशीनवरचं अर्धं शिवलेलं ब्लाउज बाजूला सारलं. दुपारचे तीन वाजले होते. दवनीवाड्यातलं तिचं शिलाईचं दुकान या वेळी रिकामं असतं, म्हणून फोनांसाठी तिनं हीच वेळ धरली होती.

सरकारी नोटिशीचा कागद काल आला होता. मोबाइलवर ती 'आमची झाडी' नावाचं पान चालवत असे. तिथं गावोगावची माणसं झाडीबोलीत कविता लिहीत. चिचगडच्या गोवर्धननं रेतीच्या टिप्परांवर चार कडवी लिहिली, त्यावर कुणी तरी तक्रार केली. आता नव्या नियमाप्रमाणे अल्कानं तीन दिवसांत सगळ्या लिहिणाऱ्यांची खरी नावं, पत्ते आणि नंबर द्यायचे होते. एकट्या गोवर्धनचं नाव देऊन भागणार नव्हतं. ज्याची ओळ पानावर, त्याचं नाव यादीत. निम्मी माणसं तर टोपणनावानं लिहिणारी. कुणाला नाव द्यायचं नसेल, तर यादी करायच्या आधी त्याचं लिहिलेलं पुसून टाकायचं, एवढंच अल्काच्या हातात होतं.

न विचारता कुणाचंच नाव द्यायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं.

गोवर्धन फोनवर हसला होता. "दे नाव, बाई. मोठ्या अक्षरात लिव. कवी म्हनून सरकारी कागदावर नाव लागाचंच रायलं होतं."

केवलराम गुरुजी हसले नव्हते. "माझं सारं पुसून टाक. रिटायर व्हाले दोन वर्सं हायत," म्हणाले आणि तिनं काही बोलायच्या आत फोन ठेवला. बाकीचे सहाही तसेच. कुणी रागावलं, एकानं तर माफी मागितली. वाद घालायचं त्राण अल्कात उरलं नव्हतं. ती नुसती "बरं" म्हणत होती आणि वहीतल्या नावावर रेघ ओढत होती.

नववं नाव 'सातवी पास' होतं.

सातवी पास म्हणजे सालेकशाची नीतू, हे एकट्या अल्काला ठाऊक होतं. नीतूच्या एक्केचाळीस कविता पानावर होत्या. घरातल्या बोलण्यावर, हात उगारण्यावर, आणि मार खाल्ल्याच्या संध्याकाळीही वरण बरं झालं तर बाईच्या मनाला जे बरं वाटतं, त्यावर. पानावरच्या बायका सगळ्यात आधी तिचंच वाचत.

फोन पुरुषानं उचलला. "कोन बोलून राहिलं?"

"मी दवनीवाड्याहून अल्का. शिलाईवाली. नीतू हाय काय?"

"काऊन?"

"तिच्या कपड्याचं विचाराचं होतं."

"सालेकशात टेलर मेले काय? तिथं कायले शिवते?" पलीकडे भांडी वाजली, मग तोच आवाज जरा लांबून आला. "घे, तुही टेलरबाई." फोन त्यानं स्पीकरवर टाकला असावा. नीतू "हो बाई" म्हणाली, त्यामागं त्याचं खोकणं स्पष्ट ऐकू आलं.

बाजूला सारलेल्या ब्लाउजवर अल्काची नजर गेली.

"नीतू, तुहे कपडे हायत माझ्यापाशी," ती सावकाश म्हणाली. "आता नवीन नियम निघाला. हरेक कपड्यावर गिऱ्हाइकाचं खरं नाव लिवून वरती द्या लागते. तुहं लिवू काय?"

"नोका लिवू, बाई."

"मंग काय करू?"

"उसवून टाका."

"सारे?"

"सारे. कापड बी ठेवू नोका." नीतूचा आवाज कुठंही हलला नाही. बाजारातून मीठ आणा म्हणावं, तितकाच सरळ होता.

"एक नवीन देनार होती तू."

"आता नाही शिवून घेत मी," नीतू म्हणाली, आणि फोन बंद झाला.

अल्कानं पान उघडलं. एका झटक्यात सगळं पुसायची सोय नव्हती. दर कवितेला मोबाइल विचारायचा, नक्की काढून टाकायचं काय, परत आणता येणार नाही. ती 'हो' दाबायची. कवितेसोबत तिच्याखाली बायकांनी लिहिलेलंही जात होतं. 'हे माझ्याच घरचं हाय.' 'सासूले वाचून दाखवली, ती बी रडली.' सुरुवातीला अल्का थांबून वाचत होती. विसाव्या कवितेपासून तिनं वाचणं सोडलं. अंगठा तेवढा चालत राहिला. मध्ये एक बाई फॉल लावायला साडी घेऊन आली, तिला उद्या ये म्हणून परत पाठवलं.

तीन कविता उरल्या असतील, तेव्हा एक संदेश आला. पुष्पांजली नावाची कुणी बाई होती. पानावर तिनं आजवर एक ओळही लिहिली नव्हती, नुसती वाचत असावी.

'बाई, सातवी पासच्या कविता दिसून नाही राहिल्या. तिले काही झालं तं नाही?'

अल्कानं मोठं उत्तर लिहिलं, पुसलं. परत लिहिलं, परत पुसलं. शेवटी एवढंच पाठवलं, 'नाही. बरी हाय.'

लगेच उत्तर आलं.

'बरं झालं बाई, जीव भांड्यात पडला. मंग तिले सांगजा, नवीन लिव म्हना. इथं एका फोनवर आमी पाच जनी हावो वाचनाऱ्या.'