दिवडीला नमस्कार

"आई, दिवड! देख ना!" घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या कादंबरीनं वाकून हात पुढे केला.

उल्का काठावर होती, लेकीच्या चपला हातात धरून. कादंबरीच्या आवाजात भीतीचा लवलेश नव्हता, आणि हे उल्काचंच शिकवणं. पालीलाही किंचाळणाऱ्या पोरीला करोल बागेतल्या घरी मांडीवर बसवून तिनं घोकून घेतलं होतं: पाण्यात साप दिसला की समजायचं, दिवड. तिला विष नसतं. बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलेली आई. तिच्या शब्दावर कोण शंका घेणार?

समोर गुडगावची ती दलदल, हिरवी, दाट, अर्धीअधिक बुजलेली. ट्रक येत होते, मलबा ओतून जात होते. काठाला इमारतीचा सांगाडा आणि 'लेक व्ह्यू'ची पाटी. तळमजल्यावरच्या त्यांच्या नव्या फ्लॅटमध्ये, बिनदाराच्या खोलीत, उल्काचा नवरा सुधन्वा पावलं टाकून जागा मोजत होता.

"उल्का, आईची खाट इथे! जिना नाही, काही नाही. गुडघ्यांचा प्रश्नच मिटला, यार!"

उल्कानं मान वळवली नाही. मलब्याच्या बाजूनं पाणी कापत तो साप येत होता. दिवडही डोकं वर काढून पोहते, हे तिला ठाऊक होतं. पण मान इतकी वर? कादंबरीच्या हातापासून थोड्या अंतरावर तो थांबला. मान तशीच राहिली आणि सावकाश रुंद होत गेली.

नाग.

'पळ!' उल्काच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथंच अडलं. पोरगी पळणार कशी? पाय चिखलात रुतणार, पाणी उसळणार. पडेल ती थेट त्याच्यावरच.

"हो गं, दिवडच ती," उल्का म्हणाली. तिला स्वतःचा आवाज परका वाटला. "परवा आजीनं पाटावर चंदनाचा नाग काढला होता ना? त्याला केलास तस्सा नमस्कार कर हिला. आधी हात मागे घे. हळू. अगदी हळू, सोन्या."

"पण दिवडीला का? तू तर हसत होतीस आजीला."

"चुकलं माझं. तिचं घर आहे हे, आपण पाहुणे. हं, आता जोड हात. डोळे मीट. नाक खाजलं तरी हलायचं नाही."

कादंबरीनं डोळे मिटले. अगदी घट्ट, नैवेद्यावर नजर ठेवून मिटते तसे नाही.

सुधन्वा बाहेर आला होता. वाळूच्या ढिगावरून ट्रकवाल्याला विचारत होता, "भाईसाब, दिवाली तक पूरा भर जाएगा ना?"

"बिल्कुल, साब! बच्चे क्रिकेट खेलेंगे यहाँ."

त्याला हाक मारावी तर तो धावत येणार. नागपंचमीला पाटापुढे न जुळलेले उल्काचे हात आता छातीशी जुळले होते, आणि तळव्यांच्या मध्ये लेकीच्या चिखलानं माखलेल्या चपला होत्या.

फणा मिटला. नाग वळला आणि कादंबरीच्या घोट्याला घासून गेला.

"गुदगुल्या होतायत," ती कुजबुजली.

"होऊ देत."

तो काठाला लागला. एका बाजूला मलबा, दुसऱ्या बाजूला ट्रकची चाकं. तो क्षणभर घुटमळला. मग मोकळी राहिलेली एकच वाट धरून ओल्या विटांवरून वर सरकला, आणि सुधन्वानं नुकत्याच मोजलेल्या खोलीच्या अंधारात शिरला. शेपटीचं टोक तेवढं उंबऱ्याच्या जागी दिसलं, मग तेही नाही.

पाणी निवळलं. कादंबरी अजून तशीच होती, हात जोडून, शहाण्यासारखी.

"आई, गेली दिवड? उघडू डोळे?"

उल्का त्या बिनदाराच्या खोलीकडे बघत राहिली. 'हो' म्हणायला तिची जीभ रेटेना.