फोनवरचा बाबा

होडीत हृषीकेशने हात पुढे केला, तसं चार वर्षांच्या ओजसने आईच्या ओढणीत तोंड लपवलं. कित्येक महिन्यांनी जहाजावरच्या नोकरीतून सुटी मिळाली, तेव्हा मुलाला आपला लळा लागावा म्हणूनच तो दोघांना भंडारदऱ्याला घेऊन आला होता. पण पोरगं जवळ फिरकेना.

निघायच्या दिवशी सकाळी ओजस आईला म्हणाला, "बाबाला फोन लाव ना."

"अरे, हा काय बाबा. समोरच तर बसलाय."

"हा नाही. फोनवरचा."

हृषीकेश आपला फोन घेऊन अंगणात गेला. फोन वाजताच त्याने उचलला. खोलीत ओजस खुलला, माकडाने केळं पळवल्याचं भरभरून सांगू लागला. मग म्हणाला, "बाबा, तू कधी येणार?"

खिडकीतून हृषीकेशला त्याची पाठ दिसत होती.

"निघालोच, राजा," तो म्हणाला.