आईच्या नावावरची झोप

त्या मंगळवारी सकाळीही वृंदाच्या मनगटावरची पट्टी हिरवी होती. आईनं ती नेहमीसारखी अलगद सोडवली आणि स्वतःच्या हाताला बांधली.

"झोपेच्या बाबतीत अगदी बापावर गेलीस हं!"

"आणि तू? झोपलीस का?"

"काढली की डुलकी," आई म्हणाली. चहाचा कप मात्र तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

पट्टी रात्रभर मनावरचा ताण मोजायची. सकाळी ती हिरवी असली तरच नर्ससाठी अतिदक्षता विभागाचं दार उघडायचं. लाल झाली की सक्तीची रजा. आईच्या वॉर्डात चौदा खाटांना दोनच सिस्टर. एक रजेवर गेली की सगळा भार दुसरीवर. म्हणून गेले आठ महिने आईची पट्टी बांधून वृंदाच झोपत होती.

त्या दुपारी आई औषधांच्या ट्रॉलीपाशी कोसळली. हृदय बंद पडलं होतं.

तेराव्यानंतर मेट्रनबाई घरी आल्या.

"आठ महिन्यांत सुलभाताईंची एकही रात्र लाल नाही," त्या कौतुकानं म्हणाल्या. "त्यांच्या नोंदी पाहूनच वरच्यांनी ठरवलंय, आता चौदा खाटांना एकच सिस्टर पुरे."

वृंदानं खरं सांगितलं तर आई खोटी ठरणार होती. गप्प बसलं, तर उद्या आणखी कुणीतरी त्या ट्रॉलीपाशी कोसळणार होतं.

"बाई, ती झोप आईची नव्हती, माझी होती," ती म्हणाली. "आई रात्रभर जागी असायची. आणि मला ते माहीत होतं."