नरहरपंतांची झडप

"पडा बघू गुपचूप! दादा सांगलीहून गाडी करून आलाय तुम्हाला बघायला," म्हणत वत्सलाबाईंनी नवऱ्याला स्टुलावरून उतरवून पलंगावर आडवं केलं.

नव्वदीच्या नरहरपंतांना छाती उघडणं झेपलं नसतं. म्हणून सकाळी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मांडीच्या शिरेतून चिमटा सरकवून त्यांच्या हृदयाची गळकी झडप आवळली, आणि दुपारी ते घरी पंखे पुसत होते. पण आजारी माणूसच असा धडधाकट निघाला, तर दादानं आणलेली शहाळी द्यायची कुणाला?

मेहुणे शहाळी घेऊन धापा टाकत जिना चढून आले.

"दाजी, उठू नका..." पुढे त्यांना श्वासच पुरेना.

नरहरपंत ताडकन उठले. मेहुण्यांना पलंगावर निजवून त्यांनी शहाळं त्यांच्याच हातात दिलं.

"उद्या सकाळी तुमचा चिमटा," ते म्हणाले. "राहिलेले दोन पंखे दुपारी तुम्ही पुसा."