मयताच्या गाडीचा वेग

"तुम्ही लोक मेलेल्या माणसालाही धड जाऊ देत नाही!" इरण्णानं पासिंगचे कागद खिडकीतून परत आत ढकलले. गावाच्या वैकुंठरथाला आरटीओच्या साहेबांनी फिटनेसचा दाखला नाकारला होता. कारण काय, तर वेग रोखणारं यंत्र, तो स्पीड गव्हर्नर, बसवलेला नाही.

साहेबांनी बोट ठेवून यादी वाचली. "रुग्णवाहिकेला सूट आहे. आगीच्या बंबाला आहे, पोलिसांच्या गाडीला आहे. मयताच्या गाडीचं नाव कुठंच नाही."

"अहो, गेल्या वर्षीपर्यंत हीच रुग्णवाहिका होती. इंजिन तेच, चाकं तीच. दवाखान्यानं दान दिली, आम्ही नुसता रंग बदलला."

"तेव्हा सूट होती. आता नाही."

इरण्णाचं डोकंच चालेना. पुढं मडकं धरलेला माणूस अनवाणी चालतो आणि त्याच्या मागं हा पहिल्या गिअरमध्ये गाडी नेतो. सायकलवालेसुद्धा ओलांडून जातात. त्या गाडीला म्हणे ऐंशीच्या वर जाऊ द्यायचं नाही! साहेबांनाही कोडंच पडलं असावं. त्यांनी यादी उलटून पाहिली, तर मागची बाजू कोरी.

"यंत्र बसवून सोमवारी या," ते म्हणाले. "तोवर रस्त्यावर दिसली तर जप्त करीन."

"साहेब, शिंपी गल्लीत म्हातारी सकाळपासून अंगणात ठेवलीय. खांद्याला चार माणसं मिळेनात म्हणून गाडी मागितलीय. तिच्या लेकीला काय सांगू? सोमवारपर्यंत थांब म्हणू? बोला ना! आणि तसं म्हणायचं असेल, तर शिक्का मारून लिहून द्या."