सरसकट एक मीटर

"ताई, तुमच्याच ऑफिसच्या नकाशात गॅसची लाइन एक मीटर खाली दाखवलीये. मी अर्धाच मीटर खणतोय," जेसीबीवाला म्हणाला. त्याच्या मागे बालवाडीचं फाटक होतं आणि आत माझी मुलगी.

मी त्याच्याकडचा नकाशा पाहिला आणि ऑफिसला फोन लावला. "या गल्लीतल्या पाइपांची खोली भरली कुणी? गॅस, पाणी, ड्रेनेज, सगळंच एक मीटर? पाइप काय एकमेकांतून जातात? मोजायचा एवढा कंटाळा?"

"रकाना रिकामा ठेवला की सिस्टिम नोंद घेत नाही, मॅडम. म्हणून टाकलं असेल." कीबोर्ड वाजला. "जूनची नोंद आहे. तुमच्याच लॉगिनवरून."

जूनमध्ये मुलीला ताप होता. चारला निघायचं म्हणून मी रकाने भरत सुटले होते.

"दादा, मशीन बंद करा," मी म्हटलं. "तो आकडा मीच न मोजता टाकलाय. फावड्याने खणा."